पाचवी खुर्ची

"समितीसाठी तुझ्या सुनेलाच विचार की."

"ती? चार महिन्यांत जेवताना 'मीठ द्या' एवढंही म्हणालेली नाही. त्यापेक्षा जाळूनच टाकू हिला."

नगराध्यक्ष ऑर्विल हे बोलले ते माझ्या भिंतीला टेकून, अग्निशमन दलाच्या व्हर्नशी. आत, गव्हाच्या गाड्या तोलायच्या काट्याच्या खोलीत त्यांची सून लिनिया कप विसळत होती. फळी फुटलेली, आम्ही दोघींनीही ऐकलं. जाळायचं होतं ते मला.

मी कॅन्ससच्या माळावरची लाकडी धान्यकोठी. आडव्या फळ्या एकीवर एक ठोकून मला उभं केलं, तेव्हा सात मैलांवरून दिसायचे. गावाबाहेर गेलेली माणसं मला बघून घर किती लांब राहिलं ते ठरवायची. सुगीत गव्हाच्या गाड्यांची रांग संपता संपत नसे.

मग रेल्वे बंद झाली, रूळही उखडून नेले. तीस वर्षं पोटात नुसता वारा. तो घुमला की गावाला वाटतं, म्हातारी कुरकुरतेय.

इथं जुनं पाडायचा कंटाळा आला की ते अग्निशमन दलाला सरावासाठी जाळायला देतात. गाव घरून खुर्च्या आणून बघतं. बायका केक आणतात. माझा शनिवार ठरला होता.

तशी मी वाचायची एक वाट होती. गावानं जुन्या वास्तूंच्या जतनाचा नियम करायचा, त्यांची नोंद ठेवायची, पाच रहिवाशांची समिती नेमायची. मग राज्य गावाला या कामात सामील करून घेतं, दुरुस्तीला हातभार लावतं. नियम झाला. नोंद लिनियानं एकटीनं केली, प्रत्येक फळीला हात लावून. एवढ्या वर्षांत मला असा कुणी हात लावला नव्हता. त्या दिवसांत दुपारचा डबा ती माझ्या पायरीवर बसून खायची. तिच्याशीही कुणी फारसं बोलत नव्हतं.

समितीला चार नावं मिळाली. पाचवं मिळेना. इथं कुणी नाही म्हणत नाही. "बघू" म्हणतात आणि कॉफी ओतून घेतात.

सोमवारची शेवटची बैठक माझ्याच काट्याच्या खोलीत भरली, कारण कॉफीचं भांडं इथं असतं. मला जाळल्यावर ते कुठं ठेवायचं, हे कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं.

ऑर्विलनी पाचवं नाव तीनदा विचारलं. तिन्ही वेळा सगळ्यांनी "बघू" म्हणत कप पुढं केले. व्हर्ननं हळूच शनिवारच्या वाऱ्याचा विषय काढला.

कॉफी वाढत फिरणाऱ्या लिनियानं भांडं खाली ठेवलं आणि रिकाम्या खुर्चीवर बसली.

"अगं, ती समितीची खुर्ची आहे," ऑर्विल म्हणाले.

"म्हणूनच बसलेय. पाचवं नाव माझं लिहा, बाबा. आणि मीठ मी कधी मागितलं नाही, कारण ते कधी कमी नव्हतं."