तिसरा निळा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. त्या दिवशी माझ्यावरचं प्लास्टिकचं आवरण दुपारपर्यंत कोणी काढलं नाही. मला वाटलं, रोज माझ्यातून बघणाऱ्या मावशी आजही थेट समोरच्या नव्या यंत्राकडे गेल्या. मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत बसलो. मग इंजिनियर आत आला आणि मदतनीस बाईंना म्हणाला, "मावशी पहाटे गेल्या. छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत."

मी जिच्यावर रुसून बसलो होतो, ती बाई या जगात नव्हती.

मी इथे आलो तेव्हा माझ्या पितळी चाकांवर एक ओरखडाही नव्हता. इथे सिलिकॉनच्या चकत्यांवर चिप बनवतात. चकती भट्टीत तापवली की तिच्यावर काचेसारखा पातळ थर चढतो. साबणाच्या फुग्याला दिसतो तसा त्याला रंग दिसतो, आणि थर जाड होत जातो तसा तो रंग बदलतो. मावशी माझ्यातून रंग बघायच्या आणि जाडी सांगायच्या. एकोणीस वर्षं त्यांच्या शब्दावर काम पुढे जायचं.

त्यांचे यजमान तिथेच दुरुस्ती विभागात होते. दर शनिवारी माझी भिंगं पुसायला यायचे आणि पुसताना कुरकुरायचे.

"दिवसभर याच्या डोळ्याला डोळा लावून बसतेस. घरी आल्यावर मला ओळखतेस हेच नशीब."

"त्याला तासातासाला चहा लागत नाही," मावशी म्हणायच्या. "आणि एकच गोष्ट चारदा सांगत नाही."

"बायकांना सवत येते. माझ्या नशिबी हा आला."

"अहो, पुसा नीट. डाग राहिला तर पुन्हा पुसायला लावीन."

हे ऐकून मला फार बरं वाटायचं. आपल्यावर कोणी जळतंय, यासारखं सुख नाही. जळणं कसं असतं ते मला पुढे कळलं.

नवं यंत्र आलं, ते नेमकं माझ्यासमोर बसवलं. ते चकतीवर तिरपा प्रकाश टाकायचं, परत आलेला प्रकाश तपासायचं आणि पडद्यावर जाडीचा आकडा द्यायचं. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहायचे. माझ्या टेबलावर हातमोज्यांची खोकी आली.

एकदा त्याने आकडा दिला, एकशे वीस नॅनोमीटर. मावशींनी तीच चकती माझ्याखाली धरली.

"एकशे वीसचा थर निळा असतो. हा तर पिवळा-नारिंगी आहे. हा चारशेच्या घरातला."

इंजिनियरने तपासलं. थर चारशे तीन नॅनोमीटरचा निघाला. ठरावीक जाडीनंतर त्या यंत्राला तेच उत्तर पुन्हा येतं, आणि आपण कितव्या फेरीत आहोत हे त्याला समजत नाही. मी खूश झालो. आता मावशी माझ्याकडेच येतील, असं धरून चाललो.

झालं उलटंच. त्या दिवसापासून त्या रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे जायच्या. चकतीचे छोटे तुकडे त्याच्याखाली ठेवायच्या, आकडे लिहून घ्यायच्या. माझ्यातून एकदा बघायच्या आणि टेबलाचा खण बंद करायच्या. मला खणात दिसत नाही. मी म्हणायचो, एकोणीस वर्षांची सोबत, आणि ही आता त्याच्यापुढे वाकते. त्याचा दिवा जावा, असं मी रोज चिंतायचो.

मावशी गेल्यावर दहाव्या दिवशी यजमान त्यांच्या वस्तू न्यायला आले. खणातून चष्मा निघाला, सुपारीची डबी निघाली आणि एक पुठ्ठा निघाला. पुठ्ठ्यावर चोवीस चौकोन आखलेले होते. शेवटचा सोडून प्रत्येकात रंगीत तुकडा आणि खाली आकडा.

"हा तो तक्ता," यजमान म्हणाले. "घरी सांगायची. रंगही फिरून फिरून येतात. निळा एकदा एकशे वीसला, मग तीनशे दहाला, मग पुन्हा पाचशेच्या अलीकडे. एकटा रंग फसवतो, एकटा आकडाही फसवतो. म्हणून दोन्ही शेजारी लावते म्हणाली. हा पुरा झाला की जुन्याला कोणी हलवणार नाही."

जुना म्हणजे मी.

"मी तसा शब्द दिला होता त्यांना," इंजिनियर म्हणाला. "तक्ता पुरा झाला, तर नव्या यंत्राची पडताळणी करायला हा राहील. नाहीतर महिनाअखेर भंगारात. शेवटचा चौकोन रिकामा आहे, तिसऱ्या निळ्याचा. चकती भट्टीतून आली आहे. पण हाच तो निळा, असं कोण सांगणार? तुम्ही बघता?"

"मी फक्त भिंगं पुसतो," यजमान म्हणाले. मग खिशातून फडकं काढून त्यांनी खरोखरच माझी भिंगं पुसली. शनिवार नव्हता.

मित्रांनो, भिंगाला बोट लावू नका, आणि जुन्या उपकरणावर खोकी ठेवू नका. कोणावर जळत असाल तर त्याचा खण एकदा उघडून बघा. मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. माझं जळणं अजून गेलेलं नाही. समोर ते यंत्र चालू असतं, आणि मावशींनी तेविसावा, त्यांचा शेवटचा आकडा त्याच्याकडूनच घेतला होता.

ती चकती डब्यात ठेवली आहे. तिचा तुकडा अजून कापलेला नाही. चोविसावा चौकोन रिकामाच आहे.