वर्खाखालची लाल माती

"आलं, आलं! रक्त आलं!"

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावी पुरुषोत्तमकाकांच्या बेसमेंटमध्ये गर्दी पुढे सरकली. त्र्यंबकमहाराज दत्ताच्या लाकडी मूर्तीवर कोमट पाणी ओतत होते आणि सोनेरी पावलांवरून लालसर थेंब ताटात पडत होते. गळ्यात अजून ऑफिसचे बॅज असलेली माणसं डोळे मिटून उभी होती.

"ही मूर्ती घडवणाऱ्या इटलीतल्या कारागिराला दत्तगुरूंनी स्वप्नात दर्शन दिलं," महाराज म्हणाले, "आणि त्याला मराठी येत नाही, म्हणून इटालियनमध्ये बोलले! घ्या हे तीर्थ. कॅन्सर काय, ग्रीन कार्डसुद्धा अडणार नाही."

कुणी हसलं नाही. ओंजळी पुढे झाल्या. पहिली रत्नाची.

तिची थोरली बहीण नेत्रा मागे उभी होती. रत्नाची गाठ डॉक्टरांना वेळेत सापडली होती, बरी होण्यासारखी होती. पण इथे येऊ लागल्यापासून तिनं केमो कॅन्सल केली होती. नेत्रानं विनवण्या करून उद्या सकाळची वेळ पुन्हा मिळवली होती.

नेत्रा रसायनशास्त्रज्ञ. तिनं पिशवीतून एक सोनेरी फ्रेम काढली.

"रत्ना, ही आठवते? इटलीत फ्लॉरेन्सला, नदीपलीकडच्या कारागिरांच्या गल्लीत आपण घेतली. मूर्तीखाली त्याच कार्यशाळेचा शिक्का आहे, महाराजच दाखवतात. तो म्हातारा काय करत होता, सांग सगळ्यांना."

रत्ना हळू बोलली. "लाकडावर खडूचा थर. त्यावर सरसात कालवलेली लाल माती. मग सोन्याचा वर्ख."

"आणि निघताना काय बजावलं?"

"पाणी लावू नका."

"तिकडे देवाला कुणी आंघोळ घालत नाही. आपण अभिषेक करतो."

नेत्रानं फ्रेमवर पाणी ओतलं, अंगठ्यानं घासलं. वर्ख फाटला, लाल ओघळ आला. "सरस पाण्यात विरघळतो, माती सुटते. आणि तो सरस सशाच्या कातड्याचा, बरं का, शाकाहारी मंडळी."

"शी! टू मच, यार!" कुणीतरी ओरडलं.

महाराजांनी डोळे उघडले. "या फ्रेममध्ये फोटो कुणाचा होता?"

"आईचा," रत्ना म्हणाली. "आमची आई गेली, तिचा."

"पाहिलंत? माउलीलाही पाझर फुटला!"

ओंजळी फ्रेमखाली आल्या. रत्नाचीही. नेत्रानं तिचं मनगट धरलं.

"तुला माहीत आहे हे काय आहे."

"माहीत आहे गं, ताई. पण डॉक्टर नुसते टक्के सांगतात. इथे सगळे म्हणतात, तू बरी होशील."

सकाळी नेत्रा गाडी घेऊन रत्नाच्या दाराशी आली. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. आत पावलं वाजली आणि थांबली. बर्फात उभी राहून ती बंद दाराशी बोलली.

"देव मान, पूजा कर, नको कोण म्हणतं? पण पाणी लाल का झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. जे पाहिलं त्यावर विश्वास ठेव, रत्ना, आणि औषध घे. एवढंच मागते."

दार उघडलं नाही. केमोची वेळ टळून गेली तरी ती तेच सांगत उभी होती.