कोरडी भुकटी

"भुकटी तुम्ही कोरडी दळलीत की स्पिरिटखाली? एवढंच कळवा."

चौतीस वर्षांपूर्वी आलेल्या पत्रातला हा शेवटचा प्रश्न. उत्तर दोन शब्दांचं होतं आणि मला ते ठाऊक होतं. मी दिलं नाही.

लिहिणाऱ्या बाई लोखंडाच्या खाणीवरच्या प्रयोगशाळेत दगडांचं रासायनिक पृथक्करण करायच्या. संग्रहालयाच्या खनिज विभागात मी तेच काम करत होतो. दोघांकडे एकाच शिळेचे तुकडे होते, क्लोराइट या काळपट हिरव्या खनिजाचे, लोहाने भरलेले. भांडण नावाचं होतं. क्लोराइटच्या कुळात जो धातू वरचढ, त्याच्यावरून नाव ठरतं. लोह तिथे दोन रूपांत असतं: फेरस, आणि हवा लागून गंजलं की फेरिक. फेरस वरचढ असेल तर ते चॅमोसाइट, सगळ्या पुस्तकांत असलेलं जुनं खनिज. फेरिक वरचढ निघालं, तर मात्र नवीन काहीतरी. आमच्या साहेबांना नवीनच हवं होतं. आपल्या आडनावाला खनिजांच्या नावातलं ते 'आइट' जोडायची त्यांना घाई झाली होती.

साहेब म्हणाले, "मैद्यासारखं बारीक दळ." मी यंत्र सकाळी सुरू केलं आणि संध्याकाळी बंद केलं. डबा हाताला गरम लागत होता. आत हिरवी घातलेली भुकटी तपकिरी झाली होती. मी भीत भीत म्हटलं, "साहेब, रंग बदललाय."

"तुझ्या चष्म्यावर धूळ बसलीय. आकडा काढ."

मी आकडा काढला. फेरस लोह तेरा टक्के निघालं, म्हणजे फेरिक वरचढ. बाईंचं एकतीस होतं. साहेबांनी निबंध छापला आणि बाईंच्या वरिष्ठांना लिहिलं, की तुमच्याकडे निष्काळजी काम चालतं. बाईंना प्रयोगशाळेतून काढून भांडारात बसवलं, बूट आणि हेल्मेटं मोजायला. तिथून त्यांनी मला ते पत्र लिहिलं.

पत्र मिळालं त्या दिवशी मी उरलेला तुकडा अकीकाच्या खलात स्पिरिट ओतून हाताने कुटला. हवा लागू दिली नाही. आकडा आला एकतीस. मी तो तारीख घालून चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी पत्राच्या पाकिटात घातली, आणि पाकीट पुस्तकांच्या मागे सारलं. माझा स्वभाव बुजरा आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो. मी भित्रा होतो.

गेल्या आठवड्यात संग्रहालयाचं नवं दालन पाहायला बोलावणं आलं. मुलगी सोबत होती. साहेब जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचं खनिज मधल्या कपाटात दिव्याखाली मिरवत होतं. खालच्या पाटीवर होतं: 'खाणीवरील विश्लेषकाच्या निष्काळजीपणामुळे हे खनिज काही काळ चॅमोसाइट समजले जात होते.'

माझे कान तापले.

"ही पाटी कोणी लिहिली?"

संग्रहपाल तरुण होता, अदबीने बोलणारा. "जुन्या निबंधावरून घेतलीय, सर. पृथक्करण तुमचंच आहे ना?"

"माझंच आहे. आणि चुकीचं आहे!"

लोक वळून बघायला लागले. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात बोललो नव्हतो.

"सर, हळू... एक बाई दरवर्षी हेच लिहून पाठवतात. आमच्याकडे त्यांची फाइलच आहे. आम्ही गमतीने तिला एकतीस टक्क्यांची फाइल म्हणतो."

"गमतीने?"

तो फाइल आणायला वळला. मी म्हटलं, "त्यांचा पत्ता द्या. आत्ता."

घरी येऊन मी पुस्तकं खाली ओढली आणि पाकीट काढलं. मुलीने पत्र वाचलं, चिठ्ठी वाचली, मग पुन्हा पत्र.

"बाबा, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"आणि मी शाळेच्या पेपरात खोटी बेरीज लिहिली म्हणून तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतात."

"हो."

"साहेबांना घाबरलात?"

"आधी साहेबांना. ते गेल्यावर बाईंना."

"आता चिडून काय उपयोग? साहेब वर गेले, तुम्ही इथे कपाटं आपटताय."

तिचं बरोबर होतं. साहेबांवरचा राग सोपा होता, मेलेला माणूस उलट बोलत नाही. पण यंत्राचं बटण मी दाबलं होतं. रंग मला दिसला होता.

लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात चार पानं झाली. माझी नोकरी, माझी तब्येत, साहेबांचा दरारा. फाडली. दुसऱ्यात क्षमा सात वेळा आली, तीही फाडली. मुलगी दारातून म्हणाली, "त्यांनी तुमचं आत्मचरित्र मागितलं नव्हतं. दळली कशी, ते विचारलंय."

मग लिहिलं:

'भुकटी कोरडी दळली होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ती तपकिरी झालेली मी पाहिली होती. तुमचं पत्र आल्यावर मी स्पिरिटखाली कुटून पुन्हा मोजलं. फेरस एकतीस. मूळ चिठ्ठी सोबत आहे, तारीख बघा. खनिज चॅमोसाइटच आहे. चूक माझी होती आणि मी ती लपवली. हे पत्र कोणालाही दाखवा.'

संग्रहपालालाही त्याची नक्कल लिहिली, खाली एक ओळ वाढवून: पाटी उतरवा, नाहीतर मी येऊन उतरवतो.

"चिठ्ठीची झेरॉक्स तरी ठेवा," मुलगी म्हणाली.

"नको. चौतीस वर्षं ठेवलीच की."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीचं तोंड अरुंद होतं. चिठ्ठीमुळे जाड झालेलं पाकीट अडकलं. मी रागाने तळहाताने दणका दिला, तसं ते आत पडलं.