नोंद क्रमांक दोनशे बारा

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे. आज माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण १९९८ साली कर्वे रस्त्यावरच्या एका कंपनीने माझी निवड केली, तेव्हा मी फार मिरवलो होतो.

ही कंपनी रुग्णालयांसाठी प्रोग्राम लिहायची. त्यांतल्या चुका नोंदवायला तिला सॉफ्टवेअर हवे होते, आणि त्या नोंदी पोटात ठेवायला डेटाबेस. उमेदवार आम्ही दोघे. दुसरा थोराड आणि संथ. तो प्रत्येकाला पासवर्ड विचारायचा आणि कोणी काय बदलले ते कायमचे लिहून ठेवायचा. मी साधी फाईल. कोणीही उघडावे, हवे ते खोडावे.

"सर, मोठाच घेऊ या," शैला म्हणाली. भंडाऱ्याहून आलेली ही मुलगी चुका शोधायच्या कामावर होती. महिन्याभरात ती नोकरीत कायम होणार होती.

"अहो मॅडम, आपण कंपनी काढलीय, पोलीस चौकी नाही," साहेब यज्ञेश्वर म्हणाले. सगळे हसले आणि मी निवडला गेलो.

तीन आठवड्यांनी शैलाने दोनशे बारावी नोंद केली. एकाच नावाचे दोन रुग्ण असले, की एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या कागदावर छापला जातो. दुरुस्तीशिवाय प्रोग्राम देऊ नये. पण रुग्णालयाला शनिवारचा शब्द दिला होता. शुक्रवारी ती घरी गेल्यावर साहेबांनी मला उघडले, तिची ओळ खोडली आणि लिहिले, 'दुरुस्त. तपासले : शैला.' मला गुदगुल्यासुद्धा झाल्या नाहीत.

बुधवारी एका बाईंना भलतेच रक्त चढले. त्या वाचल्या नाहीत.

साहेबांनी सर्वांसमोर मला पडद्यावर आणले. "वाचा, मॅडम."

"सर, हे मी लिहिलेलं नाही. आईशप्पथ."

"मग काय, डेटाबेस खोटं बोलतो?"

खरे सांगतो, मला तिची कीव आली नाही. एवढी शिकलेली माणसे माझ्यावर विश्वास ठेवताहेत, याचाच गर्व वाटला. त्याच दुपारी तिला काढून टाकले.

पुढे कंपनी वाढली आणि तो थोराड अखेर आलाच. माझ्या सगळ्या नोंदी त्याच्यात जशाच्या तशा उतरवल्या. तो प्रामाणिक, पण मी दिले तेच त्याने खरे मानले.

चार वर्षांनी शैला आली. तिला नोकरीसाठी कुणी दारात उभे करत नव्हते. जिथे जाई तिथे ही नोंद आधी पोचलेली असे.

"सर, तेवढी एक ओळ काढून टाका."

"अहो, कशी काढणार?" साहेब म्हणाले. "आता यात काही खोडताच येत नाही."

मित्रांनो, जुन्या डेटाबेसला असे अडगळीत टाकू नका. त्याची निगा राखा. मी कधी कुणाचे वाकडे केले नाही. जो जे सांगेल, ते मी लिहून घेतले.