आबांच्या खांद्यावरचा टॉवेल

या, बसा. चहा सांगितलाय, तो येईपर्यंत एक गोष्ट ऐका. एका माणसानं जन्मात दोनदा टॉवेल फेकला, त्याची. पहिल्यांदा फेकला तेव्हा पोराच्या हातातलं सोनं गेलं. दुसऱ्यांदा काय झालं ते सांगतो, पण मधेच उठायचं नाही.

मागच्या साली, माघाच्या सुमाराला. सकाळचे सात वाजलेले. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत आदिनाथ भिंतीला पाठ लावून बसला होता आणि समोर खाटेवर त्याचे वडील, आबासाहेब. सगळी पेठ त्यांना आबाच म्हणते. दोघांच्या मधे फरशीवर घडी घातलेला एक टॉवेल. पांढरा, तांबड्या काठाचा.

“घ्या की आबा.”

“न्हाय.”

“हातात तर घ्या.”

“हात वले हायती माजे.”

हात कोरडे ठणठणीत होते. आतून वैजयंती बोलली, आदिनाथची बायको. तव्यावरची भाकर उलटता उलटता बोलली. “वले असत्याल तर त्यानंच पुसा की.”

“तू भाकरीकडं बघ, सूनबाई.”

“भाकर माझ्याकडं बघतीया. तुमी टॉवेलाकडं बघा.”

आबांनी तोंड खिडकीकडं केलं. कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसला. एकतीस वर्षं ज्या माणसानं टॉवेलाच्या कारखान्यात माग चालवला, तो बाहीनं घाम पुसत होता. सात वर्षं असंच चाललं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी आदिनाथची शेवटची लढत होती. सदतीस वर्षांचा बॉक्सर. पैसे घेऊन लढणारा, व्यावसायिक म्हणतात तसला. एकोणीस लढती झाल्या होत्या. अकरा जिंकला, सात हरला, एक बरोबरीत सुटली. पण त्या सातांतली एक हार त्याची नव्हती. ती आबांची होती. त्यासाठी जरा मागं जावं लागतं.

आबा मूळचे वैरागचे. तरणेपणी लाल मातीत अंग घासलेला गडी. सोलापुरात कारखान्याला लागले तरी जीव तालमीतच. पोराला पैलवान करायचा हे त्यांनी पोरगं पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. आदिनाथ सोळा वर्षांचा झाला तेव्हा त्याला गावच्या जत्रेत उतरवला. समोरच्या गड्यानं डाव टाकता टाकता ह्याचा कान पिळला, आणि ह्यानं काही विचार न करता त्याच्या जबड्यावर ठोसा ठेवून दिला. गडी उताणा. दोन्ही खांदे मातीला टेकलेले. म्हटलं तर चितपट, पण पंचांनी आदिनाथला दंडाला धरून आखाड्याबाहेर काढला. आबांना मान वर करायला जागा उरली नाही.

गर्दीत शिवयोगी सर उभे होते. अक्कलकोटकडचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. फौजेत बॉक्सिंग शिकवायचे. ते आबांपाशी आले.

“पैलवान, पोरगा मला द्या.”

“काय करताव त्याचं? वकील लावताव व्हय त्याला?”

“ह्यानं मारला तो ठोसा कुणी शिकवला?”

“कुणी न्हाय.”

“म्हणूनच द्या.”

आबांनी आठ दिवस तोंड फिरवलं, नवव्या दिवशी दिला. तिथनं पुढं आदिनाथची माती सुटली आणि दोरखंडाचा चौकोन आला. पहाटे पळायचं, दिवसा चादरीच्या दुकानात गठ्ठे उचलायचे, संध्याकाळी सरांच्या पत्र्याच्या शेडमधे पोतं बडवायचं. सर कडेला उभे राहून “होडी, होडी” करायचे. होडी म्हणजे कानडीत मार. पेठेतली लेकरं पण शाळेत जाता जाता होडी होडी ओरडायला लागली.

पुण्याला पहिली लढत जिंकला, दुसऱ्याच राऊंडला. पेठेत फ्लेक्स लागला. पाठोपाठ आणखी तीन जिंकला, फ्लेक्स मोठा झाला. मग बँकॉकला गेला. तिथं एका बारक्या अंगाच्या माणसानं त्याला पोटात असं हाणलं, की पुढं दोन दिवस ताटात भाकर आली की पोट आधी विचारायचं, कोण हाय? फ्लेक्स उतरला. त्याच कापडाचं कुणीतरी गोठ्यावर छप्पर घातलं. आदिनाथला त्याचं काही वाटलं नाही. तो म्हणायचा, “पावसात कुणाच्या तरी कामाला आलो की.” असा गडी आहे तो. पडला की कपडे झाडायचा आणि उठायचा.

सतरा साली मोठा दिवस आला. हैदराबादला लढत, दहा राऊंडची. जिंकला तर त्याच्या वजनात देशाचा पट्टा कमरेला. आणि आदल्या दिवशी कोपऱ्यात पाणी द्यायला, रक्त पुसायला असणारा माणूस काविळीनं झोपला. सर म्हणाले, आबांना घेऊ. आबांनी पोराची लढत तोपर्यंत जवळून बघितली नव्हती. छाती धडधडती म्हणायचे.

सरांनी त्यांना सगळं समजावलं. राऊंड चालू असताना वर चढायचं नाही. ओरडायचं नाही. स्टूल कधी ठेवायचं, बर्फ कुठं लावायचा. सगळं सांगितलं, पण टॉवेलाचं सांगायचं राहिलं. आबांच्या खांद्यावर टॉवेल जन्मापासून असावा तसा होता. त्याचं कोण काय सांगणार?

सातव्या राऊंडला आदिनाथचा डावा हात बसला. समोरचा चॅम्पियन गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. पंच आकडे मोजायला लागला. तीन, चार. आणि आबांना वैरागचा आखाडा दिसला. आपला गडी जिंकला की आपल्याकडं काय करतात? फेटे उडवतात, टोप्या उडवतात, ज्याच्या खांद्यावर जे असेल ते आभाळात जातं. आबांचा टॉवेल आभाळात गेला. दिव्यांच्या उजेडात गरगर फिरला आणि रिंगणाच्या मधोमध येऊन पडला.

बॉक्सिंगमधे कोपऱ्यातनं टॉवेल आला, की त्या कोपऱ्यानं हार मानली.

चॅम्पियन सातव्या आकड्याला उठत होता. पंचानं टॉवेल बघितला, तो कुणाच्या कोपऱ्यातनं आला ते बघितलं आणि दोन्ही हात हलवले. लढत संपली. आदिनाथला वाटलं आपणच जिंकलो, त्यानं हात वर केले. पंचानं दुसऱ्याचा हात वर केला. आबा खाली अजून नाचत होते.

सर तासभर भांडले. हिंदीत, मराठीत, शेवटी शेवटी कानडीत. नियम म्हणजे नियम.

येताना एसटीत आबा खिडकीशी बसले. नळदुर्ग मागं पडलं. मग आबा म्हणाले, “मला ठावं नव्हतं रं.”

आदिनाथ म्हणाला, “तुमी यायलाच नको हुतं.”

एवढंच. जास्त काही नाही. आबांनी रिंगणातनं उचलून परत खांद्यावर घेतलेला टॉवेल काढला, त्याची घडी केली आणि पिशवीत तळाला घातला. त्या दिवसापासून त्यांचा खांदा मोकळा. पेठेतली टवाळ पोरं विचारायची, “आबा, टॉवेल वाळला का?” तर आबा हसायचे. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी हसायचे. आदिनाथ ते बघायचा. ते चार शब्द परत गिळता आले असते तर त्यानं पट्टापण सोडला असता. पण बाप-लेकात असलं बोलायची रीत आपल्याकडं कुठं आहे?

फिरून लढत ठरली ती वीस साली, आणि सगळी दुनियाच घरात बसली. दारं उघडली तोवर तो चॅम्पियन खेळ सोडून गेला होता. आदिनाथ ओळीनं तीन हरला, मग दोन जिंकला. नागपूरला हरला तेव्हा मात्र पाय हलत नसताना दोन राऊंड उभा राहून मार खाल्ला. घरी आल्यावर तीन दिवस शब्द उशिरा येत होते. रिक्षावाल्याला स्वतःच्या गल्लीचं नाव सांगता येईना. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. निघालं काही नाही, पण वैजयंतीनं जे बघायचं ते बघितलं होतं.

मग सोलापुरात लढती भरवायचं ठरलं. आदिनाथ जगभर लढला, पण आपल्या गावात कधी नाही. डॉक्टरांनी तपासून होकार दिला. वैजयंती म्हणाली, “एक. ह्याच्या फुडं न्हाय. आन् टॉवेल आबांच्या हातात पायजे.”

म्हणून तो टॉवेल त्या सकाळी फरशीवर होता.

“सर हायती की,” आबा खिडकीकडं बघत म्हणाले.

“सर थांबवत न्हाईत, आबा. फौजेतला माणूस हाय. मी पण थांबत न्हाय. मला ते येतच न्हाय, कुणी शिकीवलंच न्हाय.”

“मग मलाच का? एकदा घालीवलं की तुजं.”

“म्हणूनच. टॉवेल कधी टाकायचा न्हाय, हे आख्ख्या सोलापुरात तुमच्याइतकं कुणाला ठावं हाय?”

आदिनाथ भाकर खाऊन गेला तेव्हा टॉवेल फरशीवरच होता. दुपारी वैजयंतीनं केर काढला, टॉवेलाच्या भोवतीनं काढला. संध्याकाळी मैदानावर आबा आले. काखेत पिशवी, पिशवीत टॉवेल. खांद्यावर नाही, पण आला होता.

सहा राऊंड होते. समोर हरियाणाचा चोवीस वर्षांचा पोरगा. पहिले दोन राऊंड आदिनाथनं त्याला शाळेत बसवला. तिसऱ्याला पोरगा शिकला. चौथ्याला मास्तर झाला. पाचव्याला आदिनाथची डावी भुवई फुटली. रक्त डोळ्यात आलं आणि पाय जमिनीला विचारून हलायला लागले. माणसं आदिनाथ आदिनाथ ओरडत होती. सर ओरडत होते, “होडी, होडी.” आदिनाथची पाठ दोरीला लागली होती. ठोसे येत होते ते आता दुखतपण नव्हते, आणि हे वाईट असतं हे त्याला माहीत होतं.

एका डोळ्यानं त्याला कोपरा दिसला. आबा उभे होते. टॉवेल दोन्ही मुठीत, छातीशी धरलेला. आदिनाथच्या मनात आलं, टाकणार नाहीत. मीच त्यांचे हात बांधून ठेवलेत. एसटीत बांधलेत.

आणि टॉवेल आला. ह्या खेपेला उंच गेला नाही, फिरला नाही. अंथरूण घालताना चादर सोडतात तसा सरळ, खालून आला आणि त्याच्या पायापाशी पडला.

पंच मधे शिरला. सर कपाळाला हात लावून म्हणाले, “आबा, एकच मिनिट ऱ्हायलं हुतं राऊंडचं.”

“एक मिनिट लई असतं, सर,” आबा म्हणाले.

मागनं कुणीतरी ओरडलं, “आबा, पुन्यांदा?” आणि चारदोन जण हसले.

आदिनाथ वाकला. वाकायला वेळ लागला. बॉक्सिंगच्या हातमोज्यांत टॉवेल धरता येत नव्हता, तो त्यानं दोन्ही मनगटांत उचलला. कोपऱ्यापर्यंत चालत गेला. आधी त्यानं भुवईचं रक्त पुसलं आणि मग दोरीवरनं वाकून टॉवेल आबांच्या खांद्यावर टाकला. मागचं हसणं थांबलं.

“उशीर झाला का रं?” आबांनी विचारलं.

“न्हाय. येळंवर आला.”

आबांनी मान हलवली. मग आदिनाथ म्हणाला, “आबा, हैदराबादवरनं येताना मी जे बोललो...”

“कवा? मला न्हाय आठवत.”

आठवत नव्हतं म्हणे. सात वर्षं खांदा मोकळा ठेवला त्या माणसाला. पण आदिनाथनं पुढं विचारलं नाही आणि आबांनी सांगितलं नाही. सरांनी स्टूल ठेवलं, त्यावर आदिनाथ बसला, आणि आबा बर्फ लावत राहिले. बर्फ कुठं लावायचा ते त्यांना सात वर्षांनीही बरोबर माहीत होतं.

कागदावर बघाल तर अकरा जिंकल्या, आठ हरल्या, एक बरोबरीत. पट्टा नाही. घरात पट्ट्यासाठी ठोकलेला खिळा होता, त्याला वैजयंतीनं कॅलेंडर लावलंय. रोज सकाळी चहा देताना ती नवऱ्याला विचारती, “गल्लीचं नाव सांगा.” तो मुद्दाम चुकीचं सांगतो आणि बोलणी खातो. डोकं शाबूत आहे, जेवण जातं. सरांची शेड आता तोच चालवतो. तिथं पोरी पण येतात शिकायला. पहिल्या दिवशी तो ठोसा नाही शिकवत, थांबायचं कसं ते शिकवतो.

हा बघा, चहा आला. घ्या.

आता एक ऐका माझं. तुम्ही चाललाच आहात त्या शेडकडं, तर दारात नळ लागतो. बाहेरनं आलेल्यानं हात धुतल्याशिवाय आत जायचं नाही असा नेम आहे. नळापाशी खुर्ची टाकून आबा बसलेले असतील. तुमचे हात धुवून झाले की ते खांद्यावरचा टॉवेल पुढं करतील. त्याच्या कोपऱ्यावर एक तपकिरी डाग आहे, तो धुण्यानं गेला नाही. डागाचं विचारू नका. आणि मेहेरबानी करून खिशातला रुमाल काढू नका. त्यानंच पुसा.