ठिपका नसलेलं घर

आर्डिस टोलफसनला स्वतःच्याच कचेरीतल्या भिंतीची भीती वाटायला लागली होती. मिनेसोटातल्या त्या गावात विषमज्वर शिरला होता आणि तो कुठून आला ते शोधणं हे तिचं काम. प्रत्येक रोगी म्हणजे भिंतीवर एक ठिपका. कोण कुणाला भेटलं त्याची रेघ. ठिपके अकरा झाले, त्यातली दोघं गेली. आणि रेघ? एकही नाही! ताप काय आभाळातून पडला?

"घरी कोण आलं होतं?" ती फोनवर विचारी.

"कुणीच नाही गं," उत्तर ठरलेलं.

आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, ब्रिटाला, तिनं आईकडे, इंगाकडे ठेवलं होतं. त्या अख्ख्या गल्लीत ठिपका नव्हता.

भिंतीवर आजारी पडल्याच्या तारखांचा आलेखही होता, दोन उंचवट्यांचा. आज तिनं सहज त्याच्यावर अंत्यविधींचे दिवस मांडले आणि अंगावर सर्रकन काटा आला. प्रत्येक उंचवटा एका अंत्यविधीनंतर दोन आठवड्यांनी, आणि तोही गेलेल्याच्याच घरात. जणू मेलेला माणूस घरच्यांना न्यायला परत येत होता. त्यात पहिला पुरलेला, म्हातारा हाल्वर, तर तापानं गेलाच नव्हता; नव्वदीचा होता बिचारा.

तापानं गेलेल्या मार्विन लुंडला परवाच पुरलं होतं. ती तडक त्याच्या बायकोकडे गेली.

"गुद्रून, खरं सांग. कोण आलं होतं?"

"कुणी नाही म्हटलं ना! दुखवट्याच्या घरात कोण शिरतं? दारात जेवणाचं भांडं ठेवायचं, बेल वाजवायची नि निघायचं."

"अगं, मग आलंच की कुणीतरी!"

"भांडं ठेवून जाणं म्हणजे येणं होय? अक्कल गहाण टाकलीस का, पोरी?"

फ्रिजमध्ये बटाट्याचं थंड सॅलड होतं, अर्धं संपलेलं. भांडं परत मिळावं म्हणून बायका त्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी लावतात. आर्डिसनं ते उचलून खालून पाहिलं. अक्षर ओळखायला तिला वाचावं लागलं नाही.

आई? तिला तर साधी शिंकही आली नव्हती! पण काही माणसं हा ताप पोटात बाळगून ठणठणीत राहतात नि हातच्या खाण्यातून दुसऱ्यांना देतात, हे आर्डिसच गावाला शिकवत आली होती. तिनं फोन लावला.

"आई, ब्रिटानं काय खाल्लं?"

"अगं, बटाटे कालवतोय आम्ही. रोज चव तीच बघते, लबाड! उगाच काय जिवाला घोर लावून घेतेस?"

मागून ब्रिटाचा आवाज आला, "आजी, मला थंडी वाजतेय."