मंगळवारची साक्ष

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मुलीच्या डोक्यात वकिलीने घर केलं. "आधी काम जवळून बघ, मग ठरव," म्हणत मामाने तिला ओळखीच्या वकीलबाईंच्या ऑफिसात चिकटवलं.

काम म्हणजे झेरॉक्स काढायच्या, पानांवर आकडे घालायचे, फायली उचलून बाईंच्या मागे कोर्टाचे जिने चढायचे. "वकिलीत आधी चपला झिजतात, डोकं नंतर," म्हातारा कारकून म्हणायचा. ती हसायची. तिला हे सगळं आवडत होतं.

मग वकीलबाईंनी तिला साक्षीदारांजवळ बसायचं काम दिलं. "पाणी दे, धीर दे. पण खटल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्यांनी विचारलं तरी नाही."

"नाही काढणार."

पहिलीच साक्षीदार कपडे धुण्याच्या कारखान्यातली बाई. तिची धाकटी बहीण तिथेच, पिळणीच्या मशीनमध्ये ओढली जाऊन गेली होती, आणि त्यावरून मालकावर खटला चालू होता. मशीनची संरक्षक जाळी मालकाने काढायला लावली, हे या थोरलीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ऐकणारी दुसरी ती धाकटीच, जी आता नव्हती.

साक्षीदारांच्या खोलीत एक बाक आणि एक बंद पडलेला पंखा होता. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"पोरी, सोमवार होता की मंगळवार, तेच आठवेना गं. तो बोलला ते शब्दन् शब्द आठवतंय. वारच नाही."

मुलीने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे केला.

"आत जाऊन काहीतरीच बोलले तर? बहिणीच्या खटल्याचं वाटोळं होईल माझ्या हातून."

कागदांवर आकडे घालताना मुलीने सगळं वाचलं होतं. त्या आठवड्यात मालक एकदाच कारखान्यात आला होता. तिला राहवलं नाही.

"मंगळवार, मावशी. तो मंगळवारीच आला होता."

"हां! मंगळवारच," बाई म्हणाली आणि तिचा श्वास मोकळा झाला.

आत तिने साक्ष छान दिली. मग मालकाचा वकील उठला. त्याचा आवाज अगदी मऊ होता.

"मंगळवार तुम्हाला आठवतो, की कोणी सांगितला?"

बाईने खोटं न बोलण्याची शपथ घेतली होती. तिने मागच्या बाकावर बसलेल्या मुलीकडे बोट केलं. "त्या मुलीने सांगितला. फार गुणाची आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. वकीलबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"आणखी काय काय सांगितलं तिने?" वकिलाने विचारलं. बाई "काही नाही, काही नाही" म्हणत राहिली, पण तिच्या बोलण्यातला जोर गेला होता. निकालात लिहिलं होतं की ही साक्ष पढवलेली असण्याची शक्यता आहे, तिच्यावर विसंबता येत नाही. मालक सुटला.

वकीलबाई ओरडल्या नाहीत. "उद्यापासून फक्त झेरॉक्स," एवढंच म्हणाल्या. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

रविवारी मुलगी पत्ता शोधत बाईच्या घरी गेली. बाई ओट्याशी भांडी विसळत होती. तिने हात पुसून खुर्ची पुढे सरकवली.

"मी खरंच बोलले ना गं?"

"हो, मावशी."

"मग त्यांना मंगळवार का खुपला? तो आला नव्हता का मंगळवारी?"

"आला होता. पण ते मी सांगायला नको होतं. तुम्हाला नुसतं 'वार आठवत नाही' म्हणता आलं असतं. चाललं असतं तेवढं. तो मंगळवारी आल्याचे कागद होते आमच्याकडे." तिने सगळं उलगडून सांगितलं, काही लपवलं नाही.

बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तू गप्प बसली असतीस तर तो अडकला असता?"

"बहुतेक."

नळ चालूच होता. बाईने तो बंद केला आणि पाठ करून भांडी पुसायला घेतली. एक ताट तिने पुसलं, परत पुसलं, पुसतच राहिली.

मुलगी उठली. दारात चपला घालून तिने वळून म्हटलं, "येते, मावशी."

बाई "ये" म्हणाली नाही.